तळीरामाचें मंडळ आणि सुधाकराचा एकटेपणा

दिवाळीनंतर गोंदिया जिल्ह्यांत गांवोगांवीं मंडई भरते आणि झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचे प्रयोग रात्रभर चालतात. दारूनें बुडालेला संसार त्यांत वारंवार दिसतो, आणि तो दिसला कीं मांडवांतील बायका पदर डोळ्यांस लावितात. असा प्रयोग पाहून घरीं परततांना आम्हांस प्रत्येक वेळीं राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याल्या'ची आठवण होते. गडकरी याच विदर्भांत, सावनेर येथें, २३ जानेवारी १९१९ रोजीं वारले. आणि पुढच्याच महिन्यांत गंधर्व नाटक मंडळीनें हें नाटक बडोद्यास रंगभूमीवर आणिलें. त्यास शंभरावर वर्षें लोटलीं, तरी त्यांतील एका गोष्टीकडे जावें तितकें लक्ष गेलें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

या नाटकाची चर्चा बहुधा सिंधूच्या पातिव्रत्याभोंवतीं फिरते. कोणी तिला आदर्श मानितात, कोणी तिच्या सहनशीलतेस दोष देतात. परंतु दारुड्यास सांवरणें हें बायकोचें काम, हें दोन्ही पक्ष मनांत धरूनच बोलतात. नाटकाची रचना नीट पाहिली तर गडकऱ्यांचें म्हणणें निराळें दिसतें. संबंध नाटकांत दारुड्यास त्याची जात, पत, पूर्वचरित्र कांहीं न विचारतां सामावून घेणारी संस्था एकच आहे, आणि ती म्हणजे तळीरामाचें आर्यमदिरामंडळ! प्रेक्षक तेथें पोट धरून हंसतात. पण त्या हंसण्याच्या तळाशीं फार कडू सत्य आहे. मानभंग झालेल्या वकील सुधाकरास प्याला देणारा तळीराम जवळच असतो. पुढें तोच सुधाकर दारू सोडून काम मागावयास निघतो, तेव्हां प्रतिष्ठित गृहस्थ त्याचा पाणउतारा करितात. पिणाऱ्यांस मंडळ आहे. सोडणाऱ्यास कोणी नाहीं. आमच्या मतें नाटकाचा खरा शोक पहिल्या प्याल्यांत नाहीं. तो या परतीच्या वाटेवर आहे.

शोकान्तिकेनें नायकाचा नाश दाखवावा, तिच्याकडे औषध मागूं नये, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. परंतु गडकऱ्यांनीं भगीरथाचें पात्र उगाच घातलेलें नाहीं. प्रेमभंगानें पिऊं लागलेल्या या तरुणास रामलालची सोबत मिळते, लोकसेवेचें काम मिळतें, आणि तो सुटतो. रामलाल सुधाकराचाही स्नेही आहे, हें खरें. पण उपकारकर्त्यासमोर मान वांकविणें सुधाकराच्या अभिमानास जड जातें. त्यास हवा होता बरोबरीचा माणूस, स्वतः पडून उठलेला.

अशा माणसांचीं मंडळें पुढें निघालीं. १९३५ सालीं अमेरिकेंत दारू सोडूं पाहणाऱ्यांनींच 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संघटना सुरू केली. १९८६ सालीं पुण्यास डॉ. अनिल अवचट आणि त्यांच्या पत्नी डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट यांनीं पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्यानें 'मुक्तांगण' उभें केलें. तेथें व्यसनांतून बाहेर पडलेलीं माणसें नव्यानें येणाऱ्यांस हात देतात, आणि रुग्णांच्या बायकांसाठीं 'सहचरी' हा स्वतंत्र गट आहे. सिंधूस आपलें दुःख एकटीनें दळावें लागलें. तिच्यासारख्या बायकांस निदान एकत्र बसावयास जागा झाली.

मंडईच्या रात्रीं सारा गांव रंगमंचावरील दारुड्याच्या संसारासाठीं रडतो. सकाळीं त्याच गांवांतला, मोहाची दारू सोडून चार दिवस झालेला माणूस धानाच्या बांधीवर काम मागावयास येतो, आणि आपण त्यास हंसून वाटेला लावितों. त्याचें घर तोंवर तुटलेलें असतें. मग तो गोंदिया जंक्शनच्या फलाटावर जाऊन निजला, तर तेथें त्यास एखादा तळीराम भेटावयास उशीर लागत नाहीं. हा प्रवेश गडकऱ्यांनीं शतकापूर्वींच लिहून ठेविला आहे. 'एकच प्याला' पुन्हा रंगभूमीवर आणणाऱ्या मंडळ्यांस आमची एवढीच विनंती कीं, प्रयोगाचा वेळ आटोपशीर करण्यासाठीं कात्री चालवितांना सुधाकराच्या काम मागण्याचा तो भाग वगळूं नये.