वक्रोक्तीच्या पलीकडचे शिवरामपंत

गेल्या वैशाखात पौडहून ताम्हिणीकडे जाताना मुळशीच्या जलाशयाशी थांबलो होतो. पाणी बरेच खाली गेले होते. पिशवीत शि. म. परांजपे यांच्या ‘काळ’मधील निवडक निबंधांचा एक खंड होता. चहाच्या टपरीवरच्या एका वृद्ध गृहस्थांनी तो हातात घेऊन चाळला. त्यांच्या आजोबांची भातखाचरे याच पाण्याखाली आहेत. “हे आमच्यापायी तुरुंगात गेले होते ना? मग यात आमच्याबद्दल काय लिहिलंय?” त्यांनी विचारले. “यात काही नाही, बाबा,” मी म्हणालो. उत्तर खरे होते, तरी मला ओशाळल्यासारखे झाले.

त्या खंडात मुळशी नाही याचे कारण साधे आहे. ‘काळ’ साप्ताहिक १८९८मध्ये निघाले आणि १९१०च्या मुद्रण कायद्याखाली दहा हजार रुपयांचा जामीन मागितला गेल्यावर बंद पडले. मुळशीचा सत्याग्रह १९२१चा. पण निवडक निबंधांबरोबर आपली समीक्षाही बहुधा १९१०पाशीच थांबते. ‘वक्रोक्तीचे बादशहा’ म्हणून शिवरामपंतांना आपण मखरात बसवतो आणि १९२२मधल्या त्यांच्या सहा महिन्यांच्या कारावासाला चरित्रात एखादी ओळ देतो. ती ओळ त्यांच्या सगळ्या लेखनावर प्रकाश टाकते, असे माझे म्हणणे आहे.

वक्रोक्ती हा त्यांचा नुसता भाषेचा शौक नव्हता. १८६४मध्ये महाडला जन्मलेला, संस्कृतात मुरलेला हा प्राध्यापक पत्रकार झाला तेव्हा सरळ बोलणे हाच राजद्रोह होता. मग राज्यकर्त्यांची स्तुती अशी करायची, की ती वाचताना त्यांचेच वाभाडे निघावेत. या लेखनाला एक जाणता वाचक लागतो. लेखक आणि वाचक यांच्यात एक गुपित ठरलेले असते, आणि सरकार त्या गुपिताच्या बाहेर उभे असते. ‘काळ’ला असा वाचक मिळाला. तो शिकलेला, शहरातला, बहुतांशी तरुण होता. त्यांतच विनायक दामोदर सावरकर होते. पुढे सरकारलाही ते गुपित वाचता येऊ लागले. १९०८मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात शिवरामपंतांना १९ महिन्यांची शिक्षा झाली. निबंधांचे संग्रहही जप्त झाले.

मुळशीत मात्र सगळीच मांडणी बदलली. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून मुंबईसाठी वीज काढायची, ही टाटांची योजना. पन्नासहून अधिक गावांची जमीन त्यात जाणार होती. येथे समोर केवळ परके सरकार नव्हते. भूसंपादनाचा कायदा सरकारचा होता, पण भांडवल देशी होते. शिवाय मावळातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. त्यांना नुकसानभरपाईत रस होता आणि कसणाऱ्या कुळांना जमिनीत. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या अभ्यासात हा पेच नीट उलगडला आहे. म्हणजे जो पुणेरी सुशिक्षित वर्ग ‘काळ’चा हक्काचा वाचक होता, त्याच वर्गातली काही माणसे आता दुसऱ्या बाजूला होती.

अशा लढ्यात वक्रोक्ती कोणासाठी लिहायची? ज्याचे दुःख, तो मावळा वाचणारा नव्हता; आणि वाचणाऱ्यांशी जुने गुपित उरले नव्हते. सत्याग्रहाची घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. तिच्यात आडपडदा नाही. शब्दाचा अर्थ उलटा घ्यायला तिथे जागाच नाही. साठीच्या उंबरठ्यावरचे शिवरामपंत या तीन शब्दांमागे उभे राहिले आणि तुरुंगात गेले. १९०८मध्ये त्यांना त्यांच्या लेखणीने तुरुंगात नेले होते. १९२२मध्ये त्यांना स्वतः जावे लागले. हा फरक मला त्यांच्या शैलीवरचा सर्वांत महत्त्वाचा अभिप्राय वाटतो, आणि तो त्यांनीच दिलेला आहे.

यामुळे ‘काळ’मधले निबंध लहान होत नाहीत. मात्र त्यांची मर्यादा दिसते. पूर्ववैभवाचे स्मरण करून देताना त्यांत मराठा पुष्कळदा इतिहासातला वीर म्हणून येतो. मुळशीत त्याच मावळ्यांचे वंशज नांगर घेऊन समोर होते. १९२४च्या सुमारास लढा मोडला, धरण झाले, पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघराकडे वळले. १९२८मध्ये शिवरामपंतांचा ‘मराठ्यांच्या लढायांचा इतिहास’ प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी ते बेळगावच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी २७ सप्टेंबरला वारले. लढायांचा तो इतिहास मी आता मुळशीतला पराभव डोळ्यांपुढे ठेवून वाचतो.

१९२०मध्ये त्यांनी ‘स्वराज्य’ हे दुसरे साप्ताहिक काढले होते. शिवरामपंतांच्या निबंधांची नवी निवड कोणी केली, तर ती १९१०ला थांबू नये; ‘स्वराज्य’चे अंक उघडले जावेत. टपरीवरच्या बाबांच्या प्रश्नाला माझ्या पिशवीतल्या खंडाने उत्तर दिले नाही. तो प्रश्न त्यांनी विचारायचा होता आणि आपण अभ्यासकांनी तो त्याआधीच विचारायला हवा होता.