अंधारातला हत्ती आणि अमेरिकेतले रूमी

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला जलालुद्दीन रूमी हे नाव नवे नाही. पुस्तकांच्या दुकानात ‘अध्यात्म’ या फळीवर ते दिसतात, भेटकार्डांवर आणि कॅलेंडरांवर दिसतात, योगवर्गात शवासनाच्या वेळी कानावर पडतात. आपल्या मुलामुलींच्या लग्नांत मंगलाष्टकांनंतर इंग्रजीतून जे वाचन होते, त्यातही मी त्यांना दोनदा ऐकले आहे. कोलमन बार्क्स यांचे ‘द एसेन्शियल रूमी’ १९९५ साली आले आणि तेराव्या शतकातला हा फारसी कवी अमेरिकेत भरपूर खपणाऱ्या कवींच्या पंक्तीत जाऊन बसला.

ही आनंदाचीच गोष्ट आहे. कवितेची पुस्तके या देशात कितीशी खपतात हे आपण जाणतोच. पण बार्क्स यांची पुस्तके आणि मूळ फारसीला धरून केलेली भाषांतरे शेजारी शेजारी ठेवून वाचू लागल्यापासून एक प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आपण जे ऐकतो, त्यात रूमींचे किती आणि ऐकणाऱ्याचे किती?

आधी माणूस पाहू. रूमींचा जन्म १२०७ सालचा, आजच्या अफगाणिस्तान-ताजिकिस्तानकडच्या बाल्ख प्रांतातला. वडील बहाउद्दीन वलद हे नामांकित धर्मोपदेशक. रूमी लहान असतानाच कुटुंबाने गाव सोडले आणि बगदाद, मक्का अशी मजल दरमजल करीत ते शेवटी अनातोलियातल्या कोन्या या शहरात स्थिरावले. हा मुलूख पूर्वी पूर्व रोमन साम्राज्याचा, म्हणून ‘रूम’, त्यावरून ‘रूमी’. म्हणजे ज्या नावाने आपण त्यांना ओळखतो, तो एका स्थलांतरिताचा नवा पत्ता आहे! इराणात ते ‘मौलवी’, तुर्कस्तानात ‘मेव्हलाना’, अफगाणिस्तानात ‘बाल्खी’. भोवती तुर्की आणि ग्रीक बोलली जात असताना त्यांनी जन्मभर लिहिले ते मुख्यतः आपल्या घरच्या फारसीत. हे वाचताना आपल्यापैकी कोणाला स्वतःचे घर आठवणार नाही?

रूमी हनफी परंपरेतले धर्मशास्त्री होते, मदरशात शिकवीत होते. १२४४ साली शम्स तब्रीझी नावाचा भटका दरवेश त्यांना भेटला आणि या पंडिताचा कवी झाला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्यानंतर त्यांनी आपला धर्म मागे टाकला, असे जे गृहीत धरले जाते त्याला त्यांच्या ग्रंथांत आधार नाही. सुमारे पंचवीस हजार द्विपदींची, सहा खंडांची ‘मसनवी’ हे त्यांच्या उत्तरायुष्यातले काम. कुराणातली वचने, पैगंबरांच्या आठवणी आणि नबींच्या कथा तिच्यात पानोपानी विणलेल्या आहेत. तिची प्रस्तावना अरबीत आहे आणि हा ग्रंथ धर्माच्या मुळाशी नेणारा आहे, असा तिचा स्वच्छ दावा आहे.

मग इंग्रजीत काय घडले? केंब्रिजच्या रेनल्ड निकल्सन यांनी १९२५ ते १९४० या काळात संपूर्ण ‘मसनवी’ची संहिता, भाषांतर आणि टीका आठ खंडांत प्रसिद्ध केली. काम डोंगराएवढे, पण भाषा अवजड, आणि ग्राम्य गोष्टी आल्या की निकल्सनसाहेब चक्क लॅटिनमध्ये शिरतात. १९७६ साली कवी रॉबर्ट ब्लाय यांनी असली विद्वानांची भाषांतरे बार्क्स यांच्या हाती दिली आणि या कवितांना पिंजऱ्यातून सोडवायला हवे, असे सुचवले. बार्क्स यांना फारसी येत नव्हती आणि ते त्यांनी कधी लपवलेही नाही. इतरांच्या भाषांतरांवरून त्यांनी अमेरिकन मुक्तछंद घडवला. कान त्यांचा कवीचा, त्यामुळे ओळ सहज तोंडात बसते. तेहरान विद्यापीठाने २००६ साली त्यांना मानद डॉक्टरेट दिली, तेव्हा केवळ ‘भेसळ’ म्हणून हे काम मोडीत काढणे योग्य नव्हे.

पिंजरा उघडताना पक्ष्याचे काय झाले, हे मात्र पाहायला हवे. लग्नात वाचली जाणारी ती प्रसिद्ध रुबाई घ्या. इंग्रजीत ती बरे आणि वाईट यांच्या पलीकडच्या एका मोकळ्या जागेबद्दल बोलते आणि तिथे भेटण्याचे आमंत्रण देते. एका इराणी सहकाऱ्याकडून मी मूळ शब्द समजून घेतले. फारसीत ‘बरे’ आणि ‘वाईट’ नाहीत. तिथे ‘कुफ्र’ आणि ‘इस्लाम’ आहेत. दोन प्रेमिकांची भेटही नाही. तिथे पोचलेला ज्ञानी माथा टेकवतो. तेराव्या शतकातल्या एका धर्मशास्त्र्याने आपल्या स्वतःच्या धर्माचे नाव घेऊन त्याच्याही पलीकडचे बोलावे, आणि तिथे पोचल्यावर पुन्हा नतमस्तक व्हावे, यात केवढे धाडस आहे! इंग्रजीत त्याचा समजूतदार सल्ला झाला. धर्म गाळला तशी त्यातली जोखीमही गळून गेली.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. आंधळे आणि हत्ती ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. बौद्धांच्या ‘उदान’मध्ये ती आहे, जैनांच्या अनेकान्तवादाच्या चर्चेत ती येते. रूमींच्या आधी सनाई या कवीने ती फारसीत आणली, तीही आंधळ्यांचीच. रूमींनी ‘मसनवी’च्या तिसऱ्या खंडात तिच्यात एक मोठा बदल केला. त्यांची माणसे आंधळी नाहीत. घर अंधारे आहे. हिंदुस्थानातल्या लोकांनी प्रदर्शनासाठी हत्ती आणला आहे आणि माणसे चाचपडत आहेत. सोंडेला हात लागला त्याला ती पन्हळ वाटते, कान पंखा वाटतो, पाय खांब वाटतो, पाठ सिंहासन वाटते. शेवटी रूमी सांगतात की प्रत्येकाच्या हाती मेणबत्ती असती, तर मतभेद उरलाच नसता.

आता ही गोष्ट आपण सांगतो कशी? ‘सगळेच आपापल्या जागी बरोबर!’ पण रूमींच्या घरात कोणीच बरोबर नाही. आंधळेपणाला इलाज नसतो, अंधाराला असतो. त्यांचा रोख हत्तीच्या अवयवांवर नाही, दिव्यावर आहे. आणि तो दिवा त्यांच्या लेखी नबींच्या आणि गुरूच्या मार्गदर्शनाने मिळतो. हे आपल्याला पटो वा न पटो. ‘सगळेच बरोबर’ हे वाक्य मात्र त्यांच्या तोंडी घालता येत नाही.

इथवर वाचून आपल्यापैकी काहीजण मनात म्हणतील, ‘अमेरिकनांचे राहू द्या, आपल्याला रूमी कळतात, हे तर आपले अद्वैतच!’ माझा आक्षेप या वाचनालाही आहे. साम्य आहे, यात वाद नाही. सूफींचा ‘फना’, म्हणजे स्वतःचे विरून जाणे, ऐकून आपले कान टवकारणारच. पण इस्लाममध्येच या प्रश्नावर शतकानुशतके खल झाला आहे. इब्न अरबींच्या नावाशी जोडला गेलेला ‘वहदत अल्-वुजूद’ हा अस्तित्वाच्या एकत्वाचा विचार पुढच्या अनेक टीकाकारांनी ‘मसनवी’वर बसवला, विल्यम चिटिक यांच्यासारख्या आधुनिक अभ्यासकांनी रूमींना समजायला त्याची गरज नाही, असे दाखवले. जो वाद त्यांच्या घरातच मिटलेला नाही, तो आपण ‘अद्वैत’ या एका शब्दाने मिटवून टाकतो. अमेरिकन वाचक रूमींचा धर्म काढून घेतो, आणि आपण त्यांना आपला धर्म देऊन टाकतो. तुर्कस्तानच्या सरकारनेही १९२५ साली सूफी मठ बंद केले आणि पुढे १९५०च्या दशकापासून दरवेशांचे गिरक्यांचे ध्यान ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणून रंगमंचावर येऊ दिले. ज्याला जे सोयीचे, तेवढे त्याने घेतले.

यात बिघडले कुठे, असे कोणी विचारील. सप्टेंबर २००१ नंतरच्या अमेरिकेत उशाशी रूमींचे पुस्तक ठेवणारा माणूस विमानतळावर दाढीवाल्या मुसलमानाकडे संशयाने पाहू शकत होता, कारण या दोघांचा काही संबंध आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्या नजरा आपल्यापैकीही कित्येकांनी झेलल्या आहेत. आणि मैफलीत सूफी गाणे डोळे मिटून ऐकणारी माणसे मैफल संपल्यावर मुसलमानांबद्दल काय बोलतात, तेही मी आपल्याच दिवाणखान्यांत ऐकले आहे.

आपल्या घरची बाजूही पाहा. रूमी १२७३ साली गेले. त्यांच्या अंत्ययात्रेत ख्रिस्ती आणि यहुदीही होते असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यानंतर दोन वर्षांनी, परंपरेनुसार, ज्ञानेश्वरांचा जन्म झाला. उद्या एखाद्या गुणी अमेरिकन कवीने ज्ञानेश्वरीतल्या शंभर ओव्या निवडल्या आणि त्यांतून गीता, श्रीकृष्ण आणि निवृत्तिनाथ बाजूला काढले, तर आपण म्हणू की सुगंध राहिला, फूल गेले. आपली इथे वाढलेली मुले आपले संत इंग्रजीतूनच वाचणार आहेत. दिलीप चित्रे यांनी ‘सेज तुका’ (१९९१) मध्ये तुकाराम इंग्रजीत नेले, तेव्हा मूळ मराठी त्यांच्या रक्तात होती आणि विठ्ठलाला त्यांनी पंढरपुरातच उभे ठेवले. असे भाषांतर प्रत्येक संताच्या वाट्याला येईलच असे नाही. जी काळजी आपण तुकोबांसाठी करतो, ती रूमींसाठी करायला काय हरकत आहे?

म्हणून माझी सूचना साधी आहे. बार्क्स जरूर वाचावेत. कवितेची गोडी तिथे लागते. पण त्यांच्या शेजारी जाविद मोजद्देदी यांचे ‘मसनवी’चे सटीप भाषांतर ठेवावे. त्याचा पहिला खंड २००४ साली ऑक्सफर्डने काढला. ते फारसीवरून केलेले आहे, पद्यात आहे, आणि कुराणाचा उल्लेख कुठे आला ते टिपांत सांगते. पहिल्या वाचनात ते परके वाटेल. तो परकेपणा रूमींच्या कवितेतलाच आहे. तो सोसून पुढे वाचत राहावे. आणि पुढच्या लग्नात ती रुबाई वाचली गेली, तर जेवणाच्या टेबलावर शेजारच्या तरुण पाहुण्याला एवढे जरूर सांगावे, की मूळ कवितेत तिथे दोन धर्मशब्द होते आणि एक टेकलेला माथा होता.