घमा, गना, घना

परवा सावद्यात एका बारशाला गेले होते. आत्याबाईंच्या हातात मोबाईल, त्यात नावांची यादी, शेजारी अर्थ आणि रास. कुणीतरी म्हणालं, "पणजोबांच्या काळी बरं होतं. दगडू, धोंडू, ठकू, सखू. डोकं चालवायचं कामच नाही." सगळे हसले. मीही हसले. घरी येताना मात्र वाटलं, आपण ती नावं नीट वाचलेलीच नाहीत.

नाव हा सगळ्यात छोटा मजकूर. आपल्याच जिल्ह्यातल्या असोद्यापासून वाचायला सुरुवात करू. १८८० साली तिथे महाजनांच्या घरी बहिणाबाई जन्मल्या. त्यांच्या बहिणी अहिल्या, सीता, तुळसा. भाऊ घमा, गना, घना. जरा मोठ्यानं म्हणून बघा. बहिणींच्या नावांत पुराण आहे, अंगणातलं वृंदावन आहे. भावांच्या नावांत नुसता नाद. नाव कागदावर चढण्याआधी हाकेत यायचं, बांधावरून हाक मारली की पोचायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईचा कान पुढे ओवीत इतका पक्का कसा, असं आपण विचारतो. मला वाटतं, त्या कानाचा पहिला धडा घरातल्या हाकांमध्येच असावा.

आता धोंडू. लागोपाठ मुलं दगावली की पुढच्याला धोंडू, दगडू, केरू, उकिर्डा म्हणायचं. धोंड्याला कोण नेणार? देवी आणि पटकीच्या त्या काळात ही आईनं मृत्यूला दिलेली हूल होती. आपण विनोद म्हणून वाचतो ते नाव खरं तर नवस आहे.

म्हणजे जुनं ते सगळं गोड, असं नाही. मुली नकोशा झालेल्या घरांत 'नकुसा' हे नाव ठेवलं जाई. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात २८५ मुलींची अशी नावं समारंभानं बदलली गेली. धोंडू आणि नकुसा, दोन्ही नावांचा अर्थ हलकाच. पण एक नाव हे मूल राहावं म्हणून, दुसरं पुढची मुलगी होऊ नये म्हणून. नुसता अर्थ बघणाऱ्या यादीत हा फरक सापडत नाही.

आणि यमुना. बाबा पदमनजींच्या १८५७ च्या 'यमुनापर्यटन'ची नायिका यमुना. हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये स्वतःची कहाणी सांगणारी यमू. मराठी कादंबरीनं बाईचं दुःख मांडायला हे घरोघरचं नाव घेतलं. प्रत्यक्षात काय झालं? कल्याणची यमुना लग्नानंतर आनंदी झाली; डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून आपण तिला ओळखतो. कुर्लेकरांची यमुना रमाबाई रानडे झाली. गोखल्यांच्या मनकर्णिकेचं लग्न १८८० साली नारायण वामन टिळकांशी झालं आणि ती लक्ष्मी झाली. नारायणाची लक्ष्मी! जोडी जुळली, मनकर्णिका गेली. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवा गोदूबाईंशी लग्न केलं. एवढं मोठं बंड, तरी गोदूची आनंदी झालीच.

यांतल्या तिघींनी पुढे आत्मचरित्रं लिहिली, म्हणून त्यांची माहेरची नावं उरली. रमाबाईंच्या आठवणी, लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे', आनंदीबाई कर्व्यांचं 'माझे पुराण' आपण सुधारणेचा इतिहास म्हणून वाचतो. तांदळात बोटानं पुसलेलं नाव परत लिहिण्याची ती जागा आहे, असंही वाचायला हवं.

लिहिलं नाही त्यांचं काय? बारशाहून आल्यावर मी घरात विचारलं, "पणजीचं माहेरचं नाव काय होतं?" वडील आठवत बसले. काकांना फोन लावला. पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, त्यांच्या बैलांचंसुद्धा मिळालं.

पणजीचं नाही मिळालं. तुम्ही आज विचारून बघा. सांगणारं कुणी अजून असेल तर.