कुत्र्याला हुशार असावंच लागतं का?

गेल्या वर्षी मी रोज रात्री एक जग बांधत होतो. ऑफिसचा लॅपटॉप मिटला की स्वतःचा उघडायचा आणि एका फँटसी कादंबरीसाठी बुद्धिमान कुत्र्यांची प्रजाती रचायची. एक्सेलमध्ये रकाने केले होते: आयुष्य किती, टोळी केवढी, वासाची लिपी कशी, देव कोण. त्याच महिन्यात आमच्या खारघरच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल आला. गेटवरची चार कुत्री उचलून दुसरीकडे सोडायची का? मी 'हो' दाबलं आणि पुन्हा एक्सेलमध्ये शिरलो.

या दोन गोष्टींत काही विसंगत आहे, असं तेव्हा जाणवलंही नाही. जाणवलं ते अरुण कोलटकरांची एक कविता वाचताना.

पण आधी माझा तोवरचा आदर्श सांगतो. व्हर्नर विंज हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांची 'अ फायर अपॉन द डीप' ही १९९२ ची कादंबरी. तिच्यात 'टाइन्स' नावाची कुत्र्यांसारखी प्रजाती आहे. त्यातला एकटा प्राणी फारसा हुशार नसतो. चार ते आठ जण जवळ आले, की आवाजाच्या लहरींनी त्यांचं मिळून एक मन तयार होतं. एखादा लांब गेला, की ते मन मंदावतं. माझ्यासारख्या सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला यापेक्षा सुंदर काय दिसणार? एक नोड पडला, तरी सिस्टिम कशीबशी चालू! मी टाइन्सच्या प्रेमात होतो आणि माझ्या कुत्र्यांनाही असंच काहीतरी अफाट द्यायचं, या नादात होतो.

मग हाती आलं कोलटकरांचं 'काळा घोडा पोएम्स'. २००४ साली आलेला हा इंग्रजी संग्रह. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोलटकर गेले. 'भिजकी वही'वाले कोलटकर इंग्रजीतही तितक्याच हक्काने लिहायचे, हे मला कॉलेज संपल्यावर कळलं. आमच्या अभ्यासक्रमात कविता नव्हतीच. संग्रहातली पहिलीच कविता 'पाय-डॉग', म्हणजे आपला गावठी कुत्रा. पहाटे काळा घोडा परिसरातल्या ट्रॅफिक आयलंडवर तो पडलेला आहे आणि बोलतोय. जग आपलंच आहे, शहर आपलंच आहे. विंजने आख्खा नवा ग्रह उभारून जे साधलं, ते कोलटकरांनी एका सिग्नलपाशी साधलंय.

हा कुत्रा हुशार कशामुळे? टेलिपथीमुळे नाही, तर त्याला इतिहास आहे म्हणून. त्याच्या अंगावरचे डाग म्हणजे सात बेटांच्या जुन्या मुंबईचा नकाशा. आईकडून तो नातं सांगतो सर बार्टल फ्रिअरने १८६४ साली विलायतेहून आणवलेल्या तीस शिकारी कुत्र्यांशी. मुंबईत कोल्ह्यांची शिकार सुरू करायचं खूळ फ्रिअरच्या डोक्यात होतं. प्रवास आणि इथली हवा सोसून त्यांतली एकच कुत्री जगली, तीच याची पूर्वज. आणि वडिलांकडून? थेट युधिष्ठिराच्या मागे हिमालयात गेलेला कुत्रा.

इथे मी थांबलो. महाभारतातली ती गोष्ट आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलेली असते. द्रौपदी पडते, एकेक भाऊ पडतो, उरतात युधिष्ठिर आणि कुत्रा. इंद्राचा रथ येतो. कुत्र्याला सोडून ये, म्हटल्यावर युधिष्ठिर चढायला नकार देतो. मग तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष यमधर्म निघतो. परीक्षा पास, टाळ्या.

कोलटकरांच्या कवितेत हा शेवटचा खुलासाच नाही! त्यांचा कुत्रा कुत्राच राहतो आणि कुत्रा म्हणूनच स्वर्गात जातो. एवढी एक गोष्ट गाळून त्यांनी आख्खी कथा फिरवली आहे. कारण मूळ कथेत शेवटच्या क्षणी कुत्रा नाहीसा होतो. ज्याच्यासाठी युधिष्ठिर अडून बसला, तो कुत्रा कधी नव्हताच. आपण हळहळतो ती देवासाठी.

ही सवय जुनी आहे. पैठणच्या रेड्याला वेद म्हणावे लागले, तेव्हा लोकांनी मान तुकवली. पंचतंत्रातला कोल्हा निळीच्या पिंपात पडला आणि राजा झाला. आणि नवी मुंबईकरांना आठवत असेल, ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा एमआयडीसीत निळी कुत्री दिसली होती. कारखान्यांचं रंगीत पाणी कासाडी नदीत जात होतं. फोटो जगभर फिरले. तीच कुत्री त्याच नदीकाठी आधीही होती, पण निळी होईपर्यंत ती बातमी नव्हती. प्राणी दिसावा म्हणून आधी त्याला दुसरं काहीतरी व्हावं लागतं.

फँटसीतली बुद्धिमान कुत्री मला आता याच रांगेत दिसतात. कोलटकरांना हा खेळ माहीत होता. त्यांचा कुत्रा चक्क हार्लन एलिसनच्या 'अ बॉय अँड हिज डॉग' या १९६९ च्या विज्ञानकथेचं नाव घेतो. त्यातला ब्लड नावाचा कुत्रा मनातल्या मनात बोलतो, मालकाला शिकवतो आणि शेवटी त्याच्या भुकेसाठी मालक आपल्या मैत्रिणीचा बळी देतो. कोलटकरांचा कुत्रा मिश्कीलपणे सांगतो, की हे आमच्यात कल्ट पुस्तक आहे. स्वतःच्या विद्वत्तेची फुशारकी मात्र तो मारत नाही. शास्त्रांतलं आपल्याला फक्त गायत्री मंत्रापुरतं येतं, म्हणतो. शेवटी उजाडतं आणि तो शहर त्याच्या तथाकथित मालकांच्या ताब्यात देऊन टाकतो. तेवढ्या एका शब्दात सगळा दावा आहे.

माझी एक तक्रारही आहे. हा कुत्रा फार सुसंस्कृत आहे. तो चावत नाही. आमच्या विंगमधल्या आठ वर्षांच्या मुलाला चावा बसला होता आणि इंजेक्शनांचा कोर्स करताना त्याच्या आईचे काय हाल झाले, ते मी पाहिलेत. पोल तिनेच टाकला होता. रेबीजची भीती खोटी नाही आणि तिच्यापुढे ही कविता वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. पहाटेच्या रिकाम्या शहरात कुत्र्याशी समेट सोपा असतो. संध्याकाळी सात वाजता गेटवर मुलं सायकली चालवत असतात, तिथे कविता पोहोचत नाही.

पण तिने एक केलं. मी नियम शोधून वाचले. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं जिथून उचललं, तिथेच परत सोडायचं असतं. त्या जागेवर हक्क मिळवायला त्याला वेद यावे लागत नाहीत. मी ग्रुपवर हे लिहिलं आणि माझं मत बदललं. खाली अंगठे कमी आणि टोमणे जास्त आले. त्या आईने फक्त विचारलं, लस कोण टोचून घेणार? प्रश्न बरोबर होता. एका शनिवारी आम्ही दोघांनी मिळून ती व्यवस्था केली. चारांपैकी तीन सापडली. चौथं कुठे गेलं, कुणी सांगत नाही.

एक्सेलची फाइल अजून आहे. त्यात देवाचा रकाना होता, लिपीचा होता. ही प्रजाती कुठे झोपते आणि तिथून तिला कोण उठवतं, हा रकाना मी केलाच नव्हता. आता कादंबरी पुन्हा सुरू केली, तर तिथून करेन.