न पाहिलेल्या अमेरिकेतली छत्री

फ्रान्झ काफ्काच्या कादंबरीत न्यूयॉर्कच्या बंदरात शिरणाऱ्या कार्ल रोसमानला स्वातंत्र्यदेवता दिसते, आणि तिच्या उंचावलेल्या हातात मशाल नसून तलवार असते. काफ्का अमेरिकेला कधीच गेला नव्हता. पण पुतळ्याच्या हातात काय आहे हे प्रागमधल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असणार, म्हणून ही चूक मानायला मी तयार नाही. हडसन नदीवरून न्यूयॉर्क आणि बॉस्टनला जोडणारा पूल मात्र बहुधा चूकच असावी. त्याबद्दल मला काफ्काचा हेवा वाटतो.

हेव्याचं कारण खासगी आहे. माझे एक चुलत आजोबा कोकणातून बोटीवर खलाशी म्हणून गेले होते. त्यांच्यावरची कथा मी वाचायला दिली तेव्हा एका ज्येष्ठ संपादकांनी एवढंच विचारलं, ‘‘बसरा पाहिलंय का तुम्ही?’’ पाहिलं नव्हतं. चार वर्षं कथा तशीच पडून राहिली. मी नकाशे पाहिले, जुनी प्रवासवर्णनं वाचली, नोंदींच्या तीन वह्या भरल्या. कथा होती तिथंच.

आपल्याकडे हा प्रश्न विचारला जातोच. माडगूळकरांचा माणदेश त्यांच्या पायाखालचा होता म्हणून ‘बनगरवाडी’ अस्सल, असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण मग धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या जी. एं.च्या कथांतली निर्मनुष्य माळरानं आणि नाव नसलेली नगरं यांचं काय करायचं? तिथं आपण ‘रूपककथा’ असा शिक्का मारून मोकळे होतो.

काफ्काने ही कादंबरी मुख्यतः 1912 ते 1914 या काळात लिहिली आणि अर्धवट सोडली. पहिलं प्रकरण 1913 साली स्वतंत्रपणे छापलं गेलं. बाकीचा मजकूर त्याच्या मृत्यूनंतर, 1927 साली, मित्र माक्स ब्रोडने ‘अमेरिका’ या नावाने आणला. काफ्काच्या मनातलं नाव ‘बेपत्ता झालेला’ अशा अर्थाचं होतं. देशापेक्षा हरवण्यावर नजर असलेलं ते नाव मला जास्त खरं वाटतं. हरवणं सुरू होतं तेही एका छत्रीपायी. बोट धक्क्याला लागते, कार्लला छत्री खाली राहिल्याचं आठवतं, जेमतेम ओळखीच्या माणसापाशी तो ट्रंक सोपवतो आणि बोटीच्या पोटातल्या बोळांमध्ये वाट चुकतो. नव्या जगाच्या उंबरठ्यावर पोरगं परत फिरतं, आणि तेही छत्रीसाठी! यासाठी अमेरिका पाहावी लागत नाही. कधीतरी छत्री विसरलेली असली की पुरे. (ट्रंकेचं श्रेय मात्र काफ्काने स्वतःच पुढे डायरीत डिकन्सला देऊन टाकलं आहे.)

पुढे श्रीमंत मामाच्या घरी कार्लला खास अमेरिकन टेबल मिळतं. दांडा फिरवला की त्याचे कप्पे वरखाली सरकतात. ते पाहून कार्लला आठवतात नाताळच्या बाजारात गावाकडे दाखवले जाणारे, दांड्याने हलणारे येशूजन्माचे देखावे. अमेरिकेचं यंत्रही त्याला घरच्या जत्रेतूनच कळतं.

पण मी पुन्हा पुन्हा वाचतो ती थेरेसेची हकीकत. हॉटेलात लिफ्ट चालवणाऱ्या कार्लला ती आपल्या आईचा मृत्यू सांगते. हिमवादळाच्या रात्री आसऱ्यासाठी मुलीला घेऊन वणवण भटकलेली आई सकाळी बांधकामावर शिडी चढून जाते. वर पोचते, विटांच्या ढिगाशी अडखळते आणि कोसळते. तिच्यामागून विटा पडतात आणि बऱ्याच वेळाने एक जड फळीही निसटून तिच्यावर येते. ती उशिरा पडणारी फळी कुणाला सुचेल? दिवसभर अपघातांचे कागद वाचणाऱ्याला. काफ्का 1908 पासून प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला होता. लाकूड रंधण्याच्या यंत्रांत बोटं कशी तुटतात यावर त्याने सचित्र अहवाल लिहिला आहे. न्यूयॉर्कमधला हा मृत्यू त्याच टेबलावरून आलेला आहे. आई का पडली, तोल गेला की तिला पडायचंच होतं, हे थेरेसे सांगत नाही. ती फक्त क्रम सांगते, आणि त्या क्रमानेच अंगावर काटा येतो.

सगळीच कादंबरी अशी नाही. ब्रुनेल्डाच्या खोलीतली प्रकरणं मला कोंदट आणि लांबलेली वाटतात. तिथं ना अमेरिका आहे, ना प्राग; नुसती चिकाटी आहे. शेवटचं ओक्लाहामाचं नाट्यगृह आणि देवदूतांच्या वेशात कर्णे फुंकणाऱ्या बाया मात्र विसरता येत नाहीत. ‘ओक्लाहोमा’चं ‘ओक्लाहामा’सुद्धा त्याने वाचलेल्या एका प्रवासवर्णनातल्या चुकीवरून आलेलं आहे.

बसऱ्याच्या तिन्ही वह्या मी माळ्यावर टाकल्या आहेत. आजोबांची पत्र्याची ट्रंक अजून घरात आहे. तिच्या कुलपाला किल्ली लागते, पण ती डावीकडे फिरवायची हे फक्त आजीला माहीत होतं. कथेचं पहिलं पान मी आता तिथून लिहायला घेतलं आहे.