धवलारीण कुठे शिकते?

पेणच्या खारेपाटातल्या एका घरी, ओटीवर बसून, मी एका वृद्ध धवलारणीला विचारले होते, "आजी, तुम्हाला धवला शिकवला कोणी?" त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. "शिकवला कोनी नाय. आयस गायाची, मी मांगं गायाची." एवढ्यावर विषय संपला. वहीत मी 'परंपरेने आईकडून' असे लिहून घेतले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. आज ती नोंद वाचताना वाटते की, मुख्य प्रश्न मी तिथेच सोडून दिला. 'परंपरेने' हा शब्द लिहिला की शोध पूर्ण झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तो तिथून सुरू व्हायला हवा.

संगीत शिकण्या-शिकवण्याविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, ते मुख्यतः रागसंगीताभोवती फिरते. त्याला सबळ कारण आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांतून बंदिशी स्वरलिपीत छापल्या. १९३१ साली गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले आणि प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतची परीक्षांची शिडी हळूहळू तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली. घराण्याच्या उंबऱ्याआड राहिलेली विद्या सामान्य घरातल्या मुलामुलींना मिळाली, हे ऋण मोठे आहे. पण या व्यवस्थेने 'शिकणे' या शब्दाचा अर्थही ठरवून टाकला. शिकणे म्हणजे वर्ग, गुरू, पाठ, सराव आणि परीक्षा. दहावीच्या मुलांना शास्त्रीय संगीताच्या परीक्षेचे वाढीव गुण मिळू लागल्यावर तर हा अर्थ पालकांच्या मनात पक्काच झाला.

अशोक दा. रानड्यांनी आपल्या संगीताचे आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम असे सहा कोटींत वर्गीकरण केले, तेव्हा कलासंगीत हा एकूण संगीतव्यवहाराचा एक भाग आहे, हे स्पष्ट झाले. हे वर्गीकरण अभ्यासकांनी उचलले, पण प्रामुख्याने गाण्यांची वर्गवारी करण्यासाठी. कोटी बदलली की शिकण्याची रीतही बदलते का, हा त्यातून निघणारा प्रश्न मागे राहिला. पेण आणि रोहा या शेजारच्या दोन तालुक्यांत तो तपासता येतो.

रोह्याकडच्या भजनी मंडळापासून सुरुवात करू. गावच्या देवळात नवा मुलगा येतो तेव्हा त्याच्या हातात आधी टाळ येतो. तो मागच्या रांगेत बसतो, कोरसात आवाज मिसळतो. पुढे कधीतरी नेहमीचा पखवाजवाला येत नाही आणि त्या रात्री त्याची पाळी येते. पखवाजाचे बोल त्याला तोंडपाठ असतात, कारण ते त्याने वर्षभर ऐकलेले असतात. पेटीही बहुधा बुवांच्या आवाजामागे बोटे फिरवत हाताखाली बसते. बुवा 'काळी चार' म्हणाले की पट्टी कळते, पण त्या सुराला शास्त्रात काय म्हणतात, हे विचारण्याची गरज पडत नाही. त्याचबरोबर हाच मुलगा शनिवार-रविवारी तालुक्याच्या गावी तबल्याच्या किंवा गायनाच्या वर्गालाही जातो. अभंगाच्या चालीत रागाची छाया दिसू लागते आणि बुवा ती हेरून 'हा भीमपलास' असे कौतुकाने सांगतात. भजन हे असे दोन्ही रीतींचे मिश्रण आहे. वर्गात शिकलेले इथे उपयोगी पडते. इथे कमावलेली लयीची पकड वर्गात दिसते, पण तिला तिथे वेगळे गुण नसतात.

ब्रिटिश संशोधिका ल्यूसी ग्रीन यांनी लंडन परिसरातल्या १४ लोकप्रिय-संगीतकारांना भेटून लिहिलेल्या पुस्तकात अशा शिक्षणाचे वर्णन आहे. आवडते गाणे निवडणे, ते ऐकून ऐकून उचलणे, मित्रांबरोबर वाजवत चुका सुधारणे, या गोष्टींना शाळेत स्थान मिळावे, असा त्यांचा आग्रह आहे. भजनी मंडळाला हे बरेचसे लागू पडते. धवल्याला मात्र पडत नाही. गाणे निवडण्याचे स्वातंत्र्य धवलारणीला नाही. ते विधी निवडतो.

आगरी लग्नातला धवला नेमका किती जुना, याचा निवाडा करणे अवघड आहे. पण नावाची वंशावळ लांबलचक आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात विवाहात धवल गावा, असे सांगितले आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या आश्रयाने लिहिलेल्या 'संगीतरत्नाकरा'त शार्ङ्गदेव धवलाची गणना प्रबंधांत करतो आणि त्याचे कीर्ती, विजय, विक्रम असे भेद देतो. त्याच शतकात महदंबेने गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी धवळे रचले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ही आद्य कवयित्रीची रचना म्हणून येते. या सगळ्यांचे आगरी धवल्याशी सरळ नाते जोडणे धाडसाचे होईल. नाव टिकते आणि वस्तू बदलते, असेही घडते. पण लग्नात गायचे गाणे आणि 'धवल' हे नाव यांची जोडी आठ-नऊशे वर्षे तुटलेली नाही, एवढे नक्की.

धवल्यांचा अभ्यास झाला तो याच वाङ्मयीन वाटेने. शब्द उतरवले, पाठभेद लावले, देवदेवतांचे उल्लेख शोधले. हे काम मोलाचे आहे. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती आधी माझ्यावरच लागू होते. ओटीवर बसून मी त्या आजींकडून हळदीचा धवला उतरवून घेतला. मांडव नसताना गायला त्या सुरुवातीला कचरत होत्या. माझ्या आग्रहाखातर त्यांनी म्हटला, दहा-बारा ओळींत संपला. काही महिन्यांनी प्रत्यक्ष लग्नात तोच धवला ऐकला, तेव्हा तो संपता संपेना. आई, चुलती, मामी, आत्या अशी एकेक जण हळद लावायला पुढे येत होती आणि तिच्या नात्याने ओळ फिरत होती. कोणी रुसून मागे राहिली होती. तिला बोलावून आणेपर्यंत आजींनी तीच ओळ धरून ठेवली. माझ्या वहीतला धवला पूर्ण होता, पण तो धवला नव्हता. त्याची लांबी कामाने ठरते आणि त्यातली नावे त्या घराने.

म्हणजे धवलारणीने शिकायचे ते काय? चाल थोड्या सुरांत फिरते, ती लवकर येते. ओळींचे साचेही कानात बसतात. कठीण आहे ते विधींचा क्रम पाठ असणे, घरातली नाती आणि मानपान ठाऊक असणे, ओळ कुठे ताणायची आणि कुठे सोडायची हे समोरच्या हातांकडे पाहून ठरवणे. हे घरी सराव करून येत नाही. त्यासाठी शेकडो लग्ने मागे बसून पाहावी लागतात.

आल्बर्ट लॉर्ड यांनी 'द सिंगर ऑफ टेल्स' (१९६०) या ग्रंथात युगोस्लाव्हियातल्या वीरगाथा-गायकांच्या शिक्षणाचे तीन टप्पे सांगितले: नुसते ऐकण्याचा, स्वतः गाऊन पाहण्याचा आणि पारखी श्रोत्यांपुढे गाण्याचा. गायक गाथा पाठ करत नाही, साच्यांच्या आधाराने प्रत्येक वेळी नव्याने रचतो, हा त्यांचा शोध धवल्यावर लख्ख प्रकाश टाकतो. 'आयस गायाची, मी मांगं गायाची' या वाक्यात पहिले दोन टप्पे आहेतच. फरक तिसऱ्यात आहे. लॉर्ड यांचा गायक श्रोत्यांना धरून ठेवण्यासाठी गातो, त्याला नाव मिळते. धवलारणीसमोर श्रोते असे नसतातच. मांडवातला प्रत्येक जण कामात असतो. तिची परीक्षा एकच: विधी अडला नाही ना?

म्हणूनच कदाचित तिच्या शिकण्याला शिकणे म्हणावे, असे कोणाला वाटले नाही. भजनी बुवांचे नाव पत्रिकेत छापले जाते, त्यांचे गुरू कोण हे निवेदक सांगतो. धवलारणीला साडी आणि नारळ मिळतो, मानही मिळतो, पण 'ही अमकीची शिष्या' असे कोणी म्हणत नाही. पुरुषांच्या विद्येला परंपरा आणि बायकांच्या विद्येला सवय म्हणण्याची ही आपली जुनी खोड आहे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यातही कोणी पाठ देत नाही. पोर आधी माती मळते, मूर्ती घासते, रंग भरते आणि डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी हातात येते. तरी त्याला आपण कारागिरी म्हणतो. धवल्यालाही तोच न्याय लावावा.

आता हळदीला बेंजो आणि डीजे येतात. धवला शाळेच्या कार्यक्रमात बसवावा, त्याची स्पर्धा घ्यावी, असे उपाय सुचवले जातात. हेतू चांगला आहे, पण मंचावर सात मिनिटांत बसणारा धवला म्हणजे माझ्या वहीतलाच धवला. गुरू धरून तो पाठ होईल, पण मांडवात चालणार नाही. त्यापेक्षा संशोधकाने अख्खे लग्न नोंदवावे: कोण मागे बसली, कोण चुकली, कोणी कसे सावरले, ओळ कशासाठी थांबली. जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ यांच्या प्रकल्पाने जमवल्या, त्या गाणारणीच्या नावागावासह. धवल्यासाठी त्याच्याही पुढे जाऊन तिच्या मागे बसलेल्या मुलीचे नाव लिहायला हवे.

त्या लग्नात आजींचा धवला सुरू झाला तेव्हा कोणीतरी डीजेवाल्याला हात केला आणि आवाज खाली आला. त्यांच्या मागे नवरीची चुलतबहीण मोबाइल धरून चित्रण करत उभी होती. दुसऱ्या फेरीला तिचे ओठ हलू लागले. तिसऱ्या फेरीला मामीच्या जागी तिने आत्या म्हटले. आजींनी न थांबता, मागे वळून न पाहता, पुढची ओळ मामीच्या नावाने मोठ्याने घेतली. मुलगी हसली आणि दुरुस्त झाली. माझ्या वहीत त्या दिवशीची सर्वांत महत्त्वाची नोंद तीच आहे.