रणातील ऊर्जा आणि रणातील पाणी

हिवाळा लागला की सुरतेहून कच्छच्या रणाकडे जाणाऱ्यांची रीघ सुरू होते. सुमारे ६०० किलोमीटरांचा प्रवास करून मंडळी धोरडोच्या पांढऱ्या रणात पौर्णिमेचे चांदणे पाहतात, काळा डुंगर चढतात, आणि परतल्यावर सांगतात की तेथे 'विलक्षण ऊर्जा' आहे. प्रवासवर्णनांतून व सहलींच्या माहितीपत्रकांतूनही हाच शब्द आता रूढ झाला आहे. या प्रवासाच्या आनंदाविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती या शब्दाविषयी. कारण वाळवंटातील तीर्थाचे मर्म नेमके त्याच्याआड लपते.

ऊर्जा ही मिळवावयाची, साठवावयाची व घरी न्यावयाची वस्तू होय. तीर्थयात्रेच्या जुन्या भाषेतील क्रियापदे निराळी आहेत: स्नान करावे, नेम पाळावा, दान द्यावे. शब्द बदलला की प्रवासीही बदलतो; यात्रेकरूचा ग्राहक होतो. काळ्या डुंगरच्या रस्त्यावर इंजिन बंद केलेली मोटार आपोआप वेगाने धावू लागते, असे कौतुकाने दाखवितात. अशा ठिकाणी भोवतालच्या जमिनीच्या ठेवणीमुळे उताराचा अंदाज चुकतो, एवढाच त्याचा अर्थ. तथापि कित्येक वर्णनांत या दृष्टिभ्रमाला शिखरावरील देवाइतकी, किंबहुना अधिकच, जागा मिळते!

तो देव कोण? तो आपलाच श्रीदत्तात्रेय. सुमारे ४६० मीटर उंचीचा हा डुंगर कच्छातील सर्वांत उंच स्थान. तेथील आख्यायिका अशी की, भुकेने व्याकूळ झालेले कोल्हे समोर आले, जवळ देण्यासारखे काहीच नव्हते, तेव्हा दत्तगुरूंनी 'ले अंग' म्हणून स्वतःचे अवयवच पुढे केले. आजही मंदिराचा पुजारी कोल्ह्यांना हाक घालून शिजविलेल्या भाताचा प्रसाद ठेवतो. बहुतेक लेखक हा प्रकार एक गंमत म्हणून नोंदवितात आणि पुढे जातात. वस्तुतः त्या स्थळाची सारी शक्ती याच एका नेमात आहे. जेथे काहीही उगवत नाही, तेथे रोज कोणाला तरी भात मिळतो.

दत्तसंप्रदायाच्या वाचकांना हे वेगळे सांगावयास नको. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले, त्यांत पहिली पृथ्वी. तिच्यापासून तो सहन करणे शिकला. तिच्यातून त्याने काही उपसून नेले नाही. सावंतवाडीकडील माणगावचे टेंबे स्वामी नर्मदातीरी गरुडेश्वरास १९१४ मध्ये समाधिस्थ झाले, आणि त्यांचे शिष्य, नारेश्वरचे रंगावधूत महाराज, यांनी गुजरातीत दत्तबावनी रचली. गुजरातेत ही परंपरा अशा रीतीने आपल्याच माणसांनी जोपासली असता, रणातल्या दत्ताकडे आपण उसन्या शब्दांतून पाहावे, याचा खेद वाटतो.

हे केवळ एका डुंगरापुरते खरे नाही. भुजेजवळच्या ध्रंग येथे मेकण दादांची समाधी आहे. रणात वाट चुकलेल्यांसाठी हा संत लालियो नावाचे गाढव व मोतियो नावाचा कुत्रा यांच्याकरवी पाणी व भाकरी पाठवीत असे, अशी कच्छी जनांची श्रद्धा आहे. पश्चिमेच्या टोकास नारायण सरोवर. सिंधू जेथे सागरास मिळते तेथील तीर्थ म्हणून भागवत त्याचा उल्लेख करते. पुढे सिंधूची ती शाखा क्षीण झाली. १८१९ च्या भूकंपात अल्लाबंदचा उंचवटा वर आला, पाण्याचा मार्ग अडला आणि लखपत बंदर ओसरले. नदी गेली, खाऱ्या प्रदेशाच्या काठी गोड्या पाण्याचे सरोवर मात्र राहिले, आणि लोक त्यालाच नमस्कार करीत राहिले. वाळवंटात पवित्र ठरते ते वाळवंट नव्हे, तर तेथे सांभाळलेले पाणी.

सुरतेला हे तत्त्व नवे नाही. मोगल काळात हिंदुस्थानातील हाजी याच बंदरातून अरबस्तानच्या वाळवंटाकडे निघत. १६४४ मध्ये येथे प्रवाशांसाठी मुघलसराई उभी राहिली. आज त्याच इमारतीत महानगरपालिकेचे कार्यालय आहे. वाळवंटाची यात्रा म्हणजे आधी निवारा, पाणी आणि शिधा, हे या शहराने दगडात लिहून ठेवले आहे.

ऊर्जेच्या पुरस्कर्त्यांचा अनुभव खोटा आहे, असे आम्ही म्हणत नाही. पावसाळ्यात साचलेले पाणी आटून मिठाचा थर उरतो, क्षितिज व आकाश एक होतात, आणि शहरी गलबल्याला सरावलेले मन त्या निःशब्दतेत क्षणभर रिते होते. हा अनुभव मोलाचा आहे. परंतु रिते होणे हा यात्रेचा आरंभ आहे, फलश्रुती नव्हे. मन रिते झाल्यावर त्यात काय भरावे, याचे उत्तर मेकण दादांनी आणि डुंगरावरच्या पुजाऱ्याने दिले आहे; आपले प्रवासलेखक मात्र तो प्रश्नच विचारीत नाहीत.

म्हणून यापुढे रणावर लिहिणाऱ्यांकडून आमची अपेक्षा माफक आहे. चांदण्याचे वर्णन अवश्य करावे. पण त्या गावांत पाणी कोठून येते, कोल्ह्यांचा भात कोण शिजवितो, आणि आपण तेथे काय देऊन आलो, हेही लिहावे. एवढे लिहिले तर 'ऊर्जा' या शब्दाची गरज आपोआप कमी होईल.